दुपारी ९४, पण पहाटे किती? झोपेत उतरणाऱ्या ऑक्सिजनची गोष्ट

ताम्हिणी घाटाच्या अलीकडच्या मुळशीतल्या गावांत पावसाळा ठाण मांडून बसतो. लाकडे ओली, चूल धुमसती, खिडक्या बंद. अशा घरांत आयुष्यभर रांधलेली आजी खोकते, धापा टाकते आणि घरचे म्हणतात, 'जुना दमा आहे.' अनेकदा तो दमा नसतो, सीओपीडी असतो. म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा आजार. त्यासाठी बिडी ओढलेली असावी लागते असेही नाही. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडले होते, की सीओपीडीच्या २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसते.

कोरोनात अनेक घरांत ऑक्सिमीटर आला. दुपारी आजीच्या बोटाला लावला, ९३-९४ दिसले, की सगळे निश्चिंत. रात्रीचा आकडा मात्र कोणी पाहत नाही.

झोपेत काय होते?

झोपेत सगळ्यांचाच श्वास थोडा उथळ होतो. स्वप्ने पडतात त्या टप्प्यात तर बरगड्यांमधले आणि मानेचे स्नायू सैल पडतात आणि सगळे काम छातीखालच्या पडद्यावर येते. निरोगी माणसाला ते झेपते. सीओपीडीत छाती हवेने फुगून राहिल्यामुळे हा पडदा आधीच चपटा झालेला असतो. दिवसभर श्वास ओढतात ते मदतनीस स्नायू. तेच झोपले की ऑक्सिजन उतरतो. स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढते, त्यामुळे घसरणही तेव्हाच जास्त.

शिवाय ऑक्सिजनचा आलेख घाटासारखा असतो. वर सपाट पठार, ९० च्या आसपास कडा आणि पुढे सरळ उतार. दिवसा ९२ वर असलेला माणूस कड्यावरच झोपतो म्हणा ना.

सकाळी डोके जड होणे, दिवसा पेंग येणे, पायांना सूज ही लक्षणे डॉक्टरांना आवर्जून सांगावीत. मोठ्याने घोरणे आणि मध्येच श्वास अडकणे असेल तर सोबत स्लीप ॲप्नियाही असू शकतो. त्याचे उपचार वेगळे.

मग रात्री ऑक्सिजन लावायचा?

माळ्यावर कोरोनातले ऑक्सिजनचे मशीन असते, त्यामुळे हा मोह होतोच. पण ज्यांचा ऑक्सिजन फक्त रात्री उतरतो अशा २४३ रुग्णांवरचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना खरे मशीन, निम्म्यांना दिखाऊ. तीन वर्षांत मृत्यू किंवा कायमच्या ऑक्सिजनची गरज हे प्रमाण ३९ आणि ४२ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. पुरेसे रुग्ण न मिळाल्याने अभ्यास लवकर थांबला, त्यामुळे हा शेवटचा शब्द नाही. पण सरसकट मशीन लावावे असा आधारही त्यातून मिळत नाही. जागेपणी, तब्येत स्थिर असतानाही ज्यांचा आकडा ८८ किंवा खाली असतो त्यांची गोष्ट निराळी. रक्ततपासणीने खात्री झाल्यावर त्यांना दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजन दिल्यास आयुष्य वाढते, हे १९८० च्या सुमारासच सिद्ध झाले आहे.

स्वतःच्या मनाने मशीनचा प्रवाह वाढवणे तर धोक्याचेच. सीओपीडीच्या काही रुग्णांत जादा ऑक्सिजनमुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि माणूस गुंगीत जातो. म्हणून डॉक्टर साधारण ८८ ते ९२ च्या बेताने प्रवाह ठरवतात. झोपेच्या गोळ्या आणि दारू श्वास आणखी मंदावतात. ऑक्सिजन चालू असताना जवळ चूल, बिडी, देवापुढची निरांजनसुद्धा नको. पावसात वीज गेली तर काय, हेही मशीन आणण्याआधीच ठरवावे.

आणि रात्री तीन वाजता आजीला उठवून बोट मोजू नका. जागे झाले की श्वास वाढतो, आकडा लगेच वर येतो. छातीच्या डॉक्टरांना रात्रभर नोंद ठेवणाऱ्या ऑक्सिमीटरबद्दल विचारा. तो बोटाला लावून आजीला निवांत झोपू द्यायचे असते.