तात्याना समोइलोवा : युद्धात मागे राहिलेल्यांचा चेहरा



युद्धाचा पाठ शिकवताना मुलं हमखास विचारतात, "बाई, कोण जिंकलं?" घरी राहिलेल्यांचं काय झालं, हे क्वचितच कोणी विचारतं. म्हणून आज तात्याना समोइलोवा या सोव्हिएत अभिनेत्रीची ओळख करून घेऊ.

बालपण व शिक्षण
जन्म ४ मे १९३४, लेनिनग्राड. वडील येवगेनी समोइलोव हे नामवंत अभिनेते. युद्ध सुरू झालं तेव्हा तात्याना सात वर्षांची होती. पुढे मॉस्कोच्या श्चुकिन नाट्यशाळेत तिने शिक्षण घेतलं.

गाजलेली भूमिका
१९५७ मध्ये मिखाईल कालातोझोव यांचा 'क्रौंच उडत आहेत' हा चित्रपट आला. त्यात ती वेरोनिका झाली. प्रियकर बोरिस आघाडीवर जातो, आईवडील बॉम्बहल्ल्यात जातात. ती धावत जिना चढून दार उघडते, तर पुढे घरच नाही! अशा अवस्थेत ती बोरिसच्या चुलतभावाशी लग्न करते.

पुढे ती जखमी सैनिकांच्या दवाखान्यात काम करते. एका सैनिकाच्या वाग्दत्त वधूने दुसऱ्याशी लग्न केलेलं असतं. त्याला धीर देण्यासाठी डॉक्टर, म्हणजे बोरिसचे वडीलच, अशा मुलींना खूप दोष देतात. वेरोनिका तिथेच उभी असते. ती जीव द्यायला धावते, पण वाटेत गाडीखाली येणाऱ्या एका लहानग्याला वाचवते आणि स्वतःही वाचते.

१९५८ मध्ये या चित्रपटाला कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि तात्यानाच्या अभिनयाची खास दखल घेतली गेली.

पुढची वाटचाल
परदेशातून बोलावणी आली, पण सरकारी परवानगी मिळाली नाही. १९६७ मध्ये टॉलस्टॉय यांच्या कादंबरीवरील चित्रपटात तिने आन्ना कारेनिना साकारली. नंतर मात्र भूमिका कमी होत गेल्या. ४ मे २०१४ रोजी, ऐंशीव्या वाढदिवशीच तिचं निधन झालं.

आपल्यासाठी
डॉक्टर वाईट नव्हते. त्यांना एकाला सावरायचं होतं, शब्द लागले दुसरीला. आपणही वर्गात किंवा घरी एकाला समजावताना "असली मुलं..." असं सहज बोलून जातो. त्या वेळी शेवटच्या बाकावर कोण ऐकतंय, हे आपण बघतो का? जरूर विचार करा.