नवी शाळा मुलाची... आणि आपलीही!

बदलीची ऑर्डर आली की घरातल्या बाईच्या डोळ्यांपुढे काय काय उभं राहतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. गॅसचं कार्ड, सासूबाईंची औषधं, गच्चीतल्या कुंड्या, आणि या सगळ्याच्या वर एकच प्रश्न : मुलांच्या शाळेचं काय?

आमची बदली सांगलीहून पुण्याला झाली. (बदली यांची होते, सामान आपण बांधतो, म्हणून ‘आमची’ म्हणायचं!) धाकटीला घराजवळच्या शाळेत सहज जागा मिळाली. चिरंजीव पाचवीत. त्यांना मोठ्या खटपटीनं प्रवेश मिळाला तो एका नावाजलेल्या खाजगी शाळेत, फक्त मुलांच्या. सांगलीत ही दोन भावंडं एकाच शाळेत हात धरून जात होती. आता एकाची बस पावणेसातला आणि दुसरीची रिक्षा साडेअकराला!

प्रवेश झाला, फी भरली, पेढे वाटले. वाटलं, जिंकली लढाई. पण मैत्रिणींनो, खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, आणि ती एकट्या मुलाची नसते. त्या शाळेत सगळं घरच नव्यानं दाखल होत असतं. मी जिथे ठेचकाळले तिथे तुम्ही तरी ठेचकाळू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी कपडे, मग अभ्यास

युनिफॉर्मची यादी वाचून मला लग्नाच्या याद्यांची आठवण झाली. रोजचा गणवेश, पी. टी. चा पांढरा, हाउसचा रंगीत टी-शर्ट, टाय, पट्टा, काळे बूट, पांढरे बूट! सगळं एकदम दोन-दोन घेऊ नका. रोजचे दोन जोड पुरेत. पांढरा एकच घ्या आणि महिनाभर वाट पाहा. कोणत्या दिवशी काय लागतं ते तोवर कळतं.

पँट कमरेला बेताची पण लांबीला चार बोटं जास्त घ्या आणि आतून दुमडून टाका घाला. या वयातली मुलं दिवाळीपर्यंत टाका उसवायला लावतात. बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभर चालून पाय थोडे फुगलेले असतात, त्यामुळे माप नेमकं मिळतं. पुढे अंगठ्याएवढी जागा राहू द्या. आणि नाव! टाय, स्वेटर, पाण्याची बाटली, डब्याचं झाकण, प्रत्येक वस्तूवर नाव हवं. मुलांच्या शाळेत सगळे टाय मैदानाच्या कडेला एकाच ढिगात पडलेले असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पांढऱ्या पँटवरचा चिखल ओला असताना चोळू नका, तो आत मुरतो. वाळू द्या, ब्रशनं झाडा, मग गार पाण्यात साबण लावून भिजवा. बॉलपेनचा डाग स्पिरिटच्या बोळ्यानं टिपा. पावसात भिजलेल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवा, सकाळपर्यंत बरेच सुकतात.

डबा परत येतो तेव्हा

दुसऱ्याच आठवड्यात डबा भरलेला परत येऊ लागला. सांगलीत आवडीनं खाल्लेले धपाटे, भाकरी-पिठलं, सगळं जसंच्या तसं. माझ्या मनानं लगेच गोष्ट रचली. मोठ्या घरची मुलं हसली असतील, याला लाज वाटली असेल. रात्री मी यांच्याजवळ डोळ्यांतून पाणीसुद्धा काढलं. मग चार दिवस नूडल्स काय, सँडविच काय! तेही अर्धं परत.

शेवटी एका रविवारी त्याच्या केसांना तेल लावता लावता सहज विचारलं, “काय रे, मधल्या सुट्टीत तुम्ही काय काय करता?” तेव्हा उलगडा झाला. तिथली मुलं पाच मिनिटांत डबा संपवून मैदानावर धावतात. उशिरा पोहोचेल त्याला टीममध्ये जागा नाही! हा बिचारा पिठल्याशी भाकरी मोडत बसायचा आणि मग दाराशी उभा राहून खेळ बघायचा. म्हणजे लाज पदार्थाची नव्हती, अडचण वेळेची होती.

दुसऱ्या दिवसापासून तेच धपाटे लोणी-चटणी लावून, गुंडाळी करून दिले. उभ्या उभ्या चार घासांत संपतील असे. तुपातली दशमी, पोळीची सुरळी, भाजी भरलेले पराठे, सगळं चालतं. रस्सा, भात आणि चमचा लागणारं काहीही घरी दुपारी. डबा रिकामा यायला लागला.

यातून मी एक धडा घेतला. मुलगा गप्प असला की आपण आपल्याच मनातली भीती त्याच्या तोंडी घालतो. समोरासमोर बसवून “काय झालं, सांग” म्हटलं की मुलगे मिटून जातात. हाताला काहीतरी काम हवं आणि नजर दुसरीकडे हवी. तेल लावताना, मटार सोलताना, स्कूटरवर मागे बसलेला असताना ते बोलतात.

आडनावांचं गाव

मुलांच्या शाळेत आणखी एक गंमत. तिथे कुणाला नावच नसतं! हजेरी आडनावानं, हाक आडनावानं. “आज शेख पडला, डिसोझानं दोन गोल मारले, कुलकर्णीला शिक्षा झाली.” महिनाभर ऐकून मला एकाचंही पाळण्यातलं नाव कळलं नव्हतं. प्रथम हे फार रुक्ष वाटलं. घरी आपण त्याला सोन्या-बाळ्या म्हणतो आणि तिथे नुसतं आडनाव! पण त्या मुलांना त्यात तुटकपणा वाटत नाही. उलट, आडनावानं हाक आली म्हणजे आपल्याला टोळीत घेतलं, असा त्याचा अर्थ.

तसंच ‘हाउस’चं. इंग्लंडच्या जुन्या निवासी शाळांत मुलं खरोखरच वेगवेगळ्या घरांत राहत, तिथून ही चाल आली. मुलांसाठी म्हणून सुरू झालेल्या शाळा आपल्याकडे जुन्या आहेत. पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स १८६७ ची, मुंबईची सेंट झेवियर्स १८६९ ची. आपल्या दिवसाच्या शाळांत मुलं राहत नाहीत, पण हाउसचा रंग आणि त्यासाठी गुण मिळवण्याची ईर्षा राहिली. मुलाला कोणतं हाउस मिळालं ते पहिल्याच आठवड्यात विचारा आणि लक्षात ठेवा. अभ्यासात मागे असलेला नवा मुलगाही पळण्याच्या शर्यतीत हाउसला दोन गुण मिळवून देतो आणि एका दुपारीत सगळ्यांचा होतो.

“आई, तू येऊ नकोस”

आता जे सांगायला जड जातं ते सांगते. पहिल्या पालकसभेला मी गेले होते. भोवती सगळ्या आया एकमेकींशी फाडफाड इंग्रजीत बोलत होत्या. मला इंग्रजी कळतं, वाचता येतं, पण तोंडातून निघताना वाक्य अडखळतं. मी कडेला उभी राहिले, बाईंसमोर नुसती मान हलवली आणि परत आले. मुलगा शेजारीच होता. त्यानं सगळं पाहिलं.

पुढच्या सभेच्या आदल्या रात्री तो म्हणाला, “आई, उद्या बाबांनाच पाठव ना. तू येऊ नकोस.”

काय वाटलं असेल, तुम्हीच कल्पना करा. रागावून “इतका शहाणा झालास?” म्हणावंसं वाटलं. सासूबाई म्हणाल्या, “जाऊ दे गं, पोर आहे.” पण मला वाटलं, आज मी घरी बसले तर आईला लपवायचं असतं हे तो कायमचं शिकेल. मी इतकंच म्हटलं, “मी येणार. तुझ्याबद्दल मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत.”

रात्री एका चिठ्ठीवर दोन प्रश्न लिहिले. एक, इंग्रजीतून समाजशास्त्र त्याला समजतं का? दोन, वर्गात तो कुणाजवळ बसतो? सकाळी बाईंना सरळ म्हटलं, “मी मराठीतून बोलले तर चालेल का?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “अहो, चालेल काय, बोला ना!” त्या मूळच्या साताऱ्याच्या निघाल्या! दहा मिनिटं बोललो. त्याची जागाही बदलून मिळाली. मुलगा खाली मान घालून उभा होता. परतताना रस्ताभर काही बोलला नाही. मीही बोलले नाही. फक्त रस्ता ओलांडताना त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली.

म्हणून सांगते, जा. इंग्रजी येवो न येवो, जा. प्रश्न कागदावर लिहून न्या. आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला महिना नुसतं वाचा, दडपून जाऊ नका. आणि शंभरजणींशी ओळख करण्यापेक्षा एकीशी करा, शक्य तर बसथांब्यावरच्या. अडीअडचणीला तीच उपयोगी पडते.

आपल्या हक्काच्या गोष्टी

खाजगी शाळा म्हणजे त्यांनी म्हणावं आणि आपण ऐकावं, असं नाही. महाराष्ट्रात फीबद्दल २०११ चा कायदा आहे. वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावा लागतो. प्रत्येक पालक त्याचा सभासद असतो आणि कार्यकारी समितीतले पालक इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. नवीन आहोत म्हणून मागे राहू नका, चिठ्ठीला नवं-जुनं कळत नाही!

दप्तराचं ओझं मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त नसावं, म्हणजे तीस किलोच्या मुलाला तीन किलो. एकदा घरच्या काट्यावर ठेवून बघाच. मारणं आणि मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं बंदी आहे. आणि मुलगा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा कायदा मुलग्यांनाही तितकाच लागू आहे. रविवारी रात्री पोटात दुखणं, वस्तू वरचेवर हरवणं, जास्त पैसे मागणं, बसमध्ये बसायला नको म्हणणं, यांतलं काही सारखं दिसलं तर “पुरुषासारखा राहा, रडतोस काय” असं म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, तक्रार लेखी द्या. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा फोन क्रमांकही घरात सगळ्यांना पाठ हवा.

आणखी एक. शाळेत दिवसभर फक्त मुलगे, म्हणून घरी ते वातावरण येऊ देऊ नका. चार महिन्यांतच “हे मुलींचं काम” असं धाकटीला ऐकवून झालं होतं! त्या दिवसापासून ताटं-पाणी घेण्याचे वार दोघांत वाटून दिले. संध्याकाळी कॉलनीतली मुलं-मुली एकत्र खेळतात तिथेही त्याला आवर्जून पाठवते.

आणि शेवटी

राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणं २०२० च्या कायद्यानं सक्तीचं झालं आहे. त्याचा आमच्या घरी भलताच फायदा झाला. वर्गातल्या अर्ध्या मुलांना मराठीचा पेपर म्हणजे डोंगर! दिवाळीनंतर एका शनिवारी दाराची बेल वाजली. दोन मुलगे, गुडघे मातीनं माखलेले, हातात मराठीचं पुस्तक.

“काकू, जोशी आहे का?”

“अरे, या घरात आम्ही पाच जोशी आहोत. कोणता हवाय?”

ते दोघं गोंधळले. एकमेकांकडे बघायला लागले. पहिलं नाव त्यांनाही ठाऊक नसावं! आतून चिरंजीवांचा आवाज आला, “मी आहे रे, या. आणि मराठीचं काही अडलं असेल तर माझ्या आईला विचारा.”

मी काही न बोलता स्वयंपाकघरात गेले आणि धपाट्यांसाठी आणखी दोन वाट्या पीठ काढलं.