परसांतील फरसबंदी

घर बांधतांना मनुष्य भिंतींचा विचार करतो, छपराचा करतो, पुढील अंगणाचाही करतो; परसाचा विचार मात्र बहुधा शेवटीं, पैसे संपत आल्यावर, सुचतो. वास्तविक घरांतील मंडळींचा पुष्कळ वेळ तेथेंच जातो. भांडीं घासणें, कपडे वाळत घालणें, उन्हाळ्यांत पापड-कुरडया घालणें, संध्याकाळीं मुलांनीं पुस्तक घेऊन बसणें, हीं सर्व कामें परसांत चालतात. पावसाळ्यांत तेथें चिखल झाला म्हणजे तो पायांबरोबर घरभर येतो. म्हणून परसांत फरसबंदी करावी, असें पुष्कळांस वाटतें.

आमच्या घरींही तसेंच वाटलें. उन्हाळ्याच्या सुटींत जमीन वरवर सारखी केली, तीवर वाळू पसरली आणि शहाबादी फरशा मांडल्या. काम तीन दिवसांत आटोपलें व दिसावयासही सुरेख झालें. परंतु मृगाच्या पहिल्या मोठ्या सरींत परसांतील सारें पाणी मागील दारानें स्वयंपाकघरांत शिरलें आणि वर्षाच्या बेगमीचे गहू भिजले. दिवाळीपर्यंत निम्म्या फरशा डुगडुगूं लागल्या, व अशाच एका फरशीवर पाय पडून आमच्या आईचा हात मोडला. दोष फरशीचा नव्हता व गवंड्याचाही नव्हता. घाई आमची होती. पुढील वर्षीं तेंच काम पुन्हां करावें लागलें. त्या वेळीं जें शिकावयास मिळालें, तें येथें सांगतों.

पहिली गोष्ट पाण्याच्या वाटेची. कुदळ हातीं घेण्यापूर्वीं एकदां भर पावसांत परसांत उभें राहून पाणी कोठून येतें व कोठें जातें, हें पाहावें. फरशीचा उतार नेहमीं घराकडून बाहेर असावा. दर फुटास पाव इंच हें प्रमाण चांगलें. परसाची रुंदी घरापासून १० फूट असेल, तर बाहेरची कड अडीच इंच खालीं येते. एवढा उतार डोळ्यांस जाणवत नाहीं, पण पाण्यास बरोबर कळतो. शिवाय फरशीचा माथा जोत्याच्या माथ्याहून निदान ६ इंच खालीं ठेवावा, नाहींतर भिंतींस ओल चढते. पातळी पाहण्यास महागडें उपकरण नको. पारदर्शक नळींत पाणी भरून तिचीं दोन्ही टोंकें उभीं धरलीं कीं दोहोंकडील पाणी एकाच उंचीवर राहतें. विद्यार्थ्यांनीं हा नियम शास्त्राच्या तासास ऐकलाच असेल.

आंखणीच्या कामीं भूमिति उपयोगी पडते. कोपऱ्यापासून एका दोरीवर ६ फुटांवर व दुसरीवर ८ फुटांवर खूण करावी. दोन खुणांमधील अंतर बरोबर १० फूट भरलें, म्हणजे कोपरा काटकोनांत आहे असें समजावें. पायथागोरसचा सिद्धांत केवळ परीक्षेसाठीं नाहीं, हें त्या दिवशीं आमच्या धाकट्या भावास प्रथम पटलें.

दुसरी गोष्ट पायाची, आणि खरें मर्म येथेंच आहे. दख्खनच्या पठारावर पुष्कळ ठिकाणीं काळी माती आहे. ती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. तीवर टेकलेली फरशी दरवर्षीं वरखालीं होणारच. म्हणून माती खणून काढावी व तेथें मुरूम भरावा. मुरूम एकदम न टाकतां थराथरानें टाकावा, प्रत्येक थरावर पाणी शिंपावें व तो धुमसानें ठोकून घट्ट करावा. ठोकून बसलेला थर निदान ४ इंच भरला पाहिजे. काळी माती खोल असेल तेथें याहूनही अधिक. स्कॉटलंडचा जॉन मॅकॅडम (१७५६–१८३६) यानें रस्ते बांधतांना हेंच तत्त्व सांगितलें होतें: भार शेवटीं खालची जमीनच सोसते, आणि ती कोरडी राहिली तरच सोसते.

१५ फूट लांब व १० फूट रुंद परसाचा हिशेब पाहूं. क्षेत्र १५० चौरस फूट. ४ इंच मुरूम, १ इंच वाळू व दीड इंच फरशी मिळून खणणें साडेसहा इंच. ठोकलेला मुरूम ५० घनफूट. ठोकल्यावर तो दबतो, म्हणून सुटा ६० ते ६५ घनफूट आणावा. वाळू साडेबारा घनफूट. फूटभर चौरस फरशा १५०, व तुटीसाठीं आणखी १० घ्याव्या.

वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत आपल्या शाळेंत सर्वांस ठाऊक आहे. मग फरशीखालीं वाळू कशी चालते? घट्ट पायावर पसरलेली व चारी बाजूंनीं कोंडलेली वाळू सरकत नाहीं; ती फरशीस सर्वत्र सारखी टेकण देते. म्हणून कडेनें विटांची उभी रांग चुन्यांत अथवा सिमेंटांत पक्की बसवावी. वाळू सरळ लाकडी पट्टीनें सारखी करावी, फरशी ठेवून लाकडी हातोडीनें हळूच ठोकावी व सांध्यांत कोरडी वाळू झाडून भरावी. पहिल्या पावसानंतर ती थोडी खालीं बसते. तेव्हां पुन्हां भरावी.

शहाबादी फरशी कर्नाटकांतील कलबुर्गी जिल्ह्यांतून येते. हा दगड चुनखडीचा असल्यामुळें त्यास आम्ल सोसत नाहीं. तांब्यापितळेचीं भांडीं चिंचेनें घासतांना खालीं पाट ठेवावा. परसासाठीं गुळगुळीत केलेली फरशी घेऊं नये. शेवाळ धरलें कीं पाय घसरतो. झाडांचीं आळीं मात्र मोकळीं सोडावीं. सारें परस झांकून टाकलें तर पेरू-लिंबास पाणी मिळणार नाहीं व विहिरीसही झिरपा पोंचणार नाहीं.

आमच्या दुसऱ्या कामास तीन दिवसांऐवजीं अकरा दिवस लागले, आणि त्यांपैकीं नऊ दिवस एकही फरशी मांडली गेली नाहीं. शेजारी विचारीत, “अजून कांहींच दिसत नाहीं?” दिसण्यासारखें खरोखरच कांहीं नव्हतें. परंतु त्यानंतर किती तरी पावसाळे झाले, एकही फरशी हलली नाहीं, आणि आई त्याच परसांत निर्धास्तपणें वावरते. जें काम जमिनीखालीं झांकलें जातें त्यावरच वरच्या कामाचा टिकाऊपणा अवलंबून असतो, हें ध्यानांत ठेवून ज्यांनीं त्यांनीं आपल्या परसास हात घालावा.