डॉक्टर कसा घडतो?

डॉक्टर कसा घडतो, हा प्रश्न आपणां सर्वांच्या जिवाशी निगडित आहे. एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा. आरंभी शरीररचना, शरीरक्रिया व जीवरसायन यांतून निरोगी देहाची ओळख होते. मग विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्र यांतून रोग आणि उपाय कळतात. पुढे वैद्यक, शल्यक्रिया, प्रसूती, बालरोग. या पायऱ्या गाळून चालत नाही. हृदय चालते कसे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ते का अडले हे कसे उमगणार?

परंतु पहिले वर्ष केवळ शवविच्छेदनात गेले, तर विद्यार्थी जिवंत माणसाला पारखा होतो. म्हणून २०१९ च्या अभ्यासक्रमाने त्याला पहिल्याच वर्षी रुग्णाजवळ नेले.

अखेरची परीक्षा उत्तीर्ण झाली तरी कायम नोंदणी लगेच मिळत नाही. त्याआधी एक वर्ष निरनिराळ्या विभागांत, आरोग्यकेंद्रातही, देखरेखीखाली काम करावे लागते. रात्रपाळीचा असा नवखा डॉक्टर वरिष्ठांना विचारायला धावला, की आपण अधीर होतो. आम्हांला वाटते, त्याने विचारावे यातच आपले हित आहे. न विचारणाऱ्याचेच भय बाळगावे.