जुन्या मोटारीच्या गिअरचे सैल स्क्रू : कसणे व जखडणे

ज्यांच्या घरी जुनी मोटार अद्याप वापरात आहे, अशा शेतकरी बंधूंस उपयोगी पडावी म्हणून पुढील माहिती देत आहे.

दोन वर्षांपूर्वी वडील भगिनीस घेऊन तालुक्याच्या गावी जात असता, रेल्वेच्या फाटकात नेमक्या रुळांवर माझ्या हातातील गिअरचा दांडा एकाएकी लुळा पडला. मी क्लच दाबून धरिला व फाटकावर थांबलेल्या मंडळींनी गाडी ढकलून पलीकडे काढिली, म्हणून निभावले. खाली वाकून पाहता गिअरच्या सळईचा एक लहानसा स्क्रू गळून पडलेला आढळला. हाच स्क्रू कारागिराने त्या वर्षी दोनदा कसून दिला होता. परंतु तो कसला होता, जखडला नव्हता. फेरफाराची नोंद धरली म्हणजे ती मंजूर झाली असे नव्हे, हे महसुली कारकुनाने तरी विसरावयास नको होते.

प्रथम कारण पाहू. जुन्या अँबॅसडर व पद्मिनी गाड्यांत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असतो. त्याची एक हालचाल गिअरची जोडी निवडते व दुसरी त्यातील गिअर गुंतविते. या हालचाली सळया व लहान भुजांच्या द्वारे गिअरपेटीपर्यंत पोहोचतात. आता खांब गाडीच्या सांगाड्यास पक्का असतो. इंजीन व गिअरपेटी मात्र रबरी बैठकीवर डुलत असतात. त्यामुळे सांध्यांना सतत आडवे हिसके बसतात. आडव्या हिसक्याने जोडलेले भाग एकमेकांवर किंचित घसरले की आट्यांची पकड क्षणभर सुटते व स्क्रू केसभर उलटा फिरतो. जर्मन अभियंता गेऱ्हार्ड युंकर याने 1969 साली प्रयोगांनी हेच दाखवून दिले. साधा स्प्रिंग वॉशर पूर्ण दबल्यावर सपाट चकतीसारखाच होतो. म्हणून केवळ त्याच्या भरवशावर राहू नये.

जर्मन बनावटीच्या बीटल गाडीत इंजीन मागे असल्याने गिअरची लांब सळई तळातील बोगद्यातून मागे जाते. तेथील जोडाचा चौकोनी डोक्याचा स्क्रू तारेने बांधलेला असतो. मागील आसनाखालची झाकणी काढली की तो दिसतो. कर्त्याने तार घातली ती शोभेसाठी नव्हे. दुरुस्तीनंतर ती पुन्हा घालणे अगत्याचे आहे.

आता कृती. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजीन बंद ठेवावे, चाकांस पुढे-मागे उटी लावावी व केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. एकाने दांडा हलवावा व दुसऱ्याने प्रत्येक सांधा पाहावा. कित्येकदा दोष स्क्रूचा नसून झिजलेल्या बुशाचा असतो. तेथे कसून उपयोग नाही, बुश बदलावा.

स्क्रू सैल असल्यास तो पुरता काढावा. आट्यांवरील तेल व माती पेट्रोलने धुऊन कोरडी करावी. आटे झिजले असल्यास नवा स्क्रू त्याच मापाचा घ्यावा. टोकदार स्क्रू असेल तर त्याचे टोक सळईवरील खळग्यात बसले आहे, याची खात्री करूनच कसावा.

जखडण्याचे उपाय मुख्यतः चार आहेत. पहिला, आटे चिकटविणारा द्रव. हा व्हर्नन क्रीबल या रसायनशास्त्रज्ञाने 1953 साली अमेरिकेत शोधला व तो लॉकटाइट या नावाने प्रसिद्ध झाला. हवेत तो पातळ राहतो. धातूच्या आट्यांत हवा न मिळाली की घट्ट होतो. निळा द्रव घ्यावा, म्हणजे पुढे साध्या पान्याने स्क्रू निघेल. तांबडा घेतल्यास काढताना तापवावे लागते. एक-दोन थेंब पुरेत. गाडी शक्यतो एक दिवस उभी ठेवावी. प्लास्टिकच्या बुशावर द्रव सांडू देऊ नये. काही प्लास्टिक त्याने तडकते.

दुसरा उपाय, नायलॉनचे कडे असलेला नट. तो दर वेळी नवा वापरावा व धुराच्या तप्त नळीजवळ लावू नये. तिसरा, खाचांचा नट व स्प्लिट पिन. भोक जुळत नसल्यास नट सैल करू नये, पुढील खाचेपर्यंत कसावा. चौथा, डोक्यास भोक असलेल्या स्क्रूस तार. तिचा ओढा स्क्रू कसण्याच्या दिशेस असावा. उलट बांधलेली तार असून नसल्यासारखीच.

जेथे सांधा फिरता असावयास हवा, तेथे मात्र नट आवळून तो जाम करू नये. बेताने कसून वर दुसरा नट लावावा.

शेवटी नट व त्याखालील पट्टी यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. पाचशे किलोमीटरनंतर खाली डोकावावे. रेघ अखंड असेल तर काम पक्के. तुटलेली दिसल्यास नट फिरला, असे समजावे.

हाच नियम मळणीयंत्रास व ट्रॅक्टरच्या अवजारांसही लागू आहे. बैलगाडी जुंपण्यापूर्वी आखाची खीळ पाहण्याची आपल्या वडिलांची रीत होती. वाहन बदलले, तरी ती रीत सोडू नये, एवढीच विनंती.