मुलांमधील गोचीडजन्य मेंदूज्वर : ताप उतरल्यानंतरचे परिणाम

मध्य व उत्तर युरोपपासून सैबेरियापर्यंतच्या वनपट्ट्यात गोचिडीच्या चाव्यातून, तर क्वचित शेळीच्या कच्च्या दुधातून, एक विषाणू माणसाच्या शरीरात शिरतो आणि काही रुग्णांच्या मेंदूला किंवा त्याच्या आवरणांना सूज आणतो. या गोचीडजन्य मेंदूज्वराचे वर्णन ऑस्ट्रियात हान्स श्नायडर यांनी १९३१ मध्ये केले होते. त्याचा विषाणू मात्र १९३७ मध्ये लेव झिल्बर यांच्या सोव्हिएत पथकाने अतिपूर्वेकडील तैगा अरण्यात शोधून काढला.

युरोपात हा आजार बहुधा दोन टप्प्यांत येतो : प्रथम फ्लूसारखा ताप, मग काही दिवसांचा आराम आणि त्यानंतर तीव्र डोकेदुखी, उलट्या व पुन्हा चढणारा ताप. मुलांमध्ये बहुतेकदा मेंदूच्या आवरणांचाच दाह होतो, पक्षाघात व मृत्यू प्रौढांपेक्षा कमी आढळतात. त्यामुळे बालवयात हा आजार सौम्य असतो, असा समज दीर्घकाळ रूढ राहिला.

स्वीडनमधील पाठपुराव्याच्या अभ्यासांनी त्या समजाला धक्का दिला. बऱ्या झालेल्या काही मुलांमध्ये पुढेही डोकेदुखी, थकवा, चिडचिड आणि एकाग्रतेचा अभाव टिकून राहिला, तसेच कार्यस्मृती, म्हणजे ऐकलेली सूचना किंवा गणितातील मधली पायरी काम पुरे होईपर्यंत मनात धरून ठेवण्याची क्षमता, दुबळी झालेली आढळली. विषाणू चेतापेशींना थेट इजा करतो आणि त्याच्याशी लढणाऱ्या प्रतिकारयंत्रणेमुळेही मेंदूच्या ऊतींची हानी होते. परंतु हातपायांची ताकद व प्रतिक्षिप्त क्रिया तपासून अशी सूक्ष्म हानी दिसत नाही. ती वर्गात प्रकट होते आणि तेथे तिला आळस समजले जाण्याचा धोका असतो. लहान मुलांत सुरुवातीची लक्षणेच संदिग्ध असल्याने कधी मूळ निदानही निसटते.

या विषाणूवर खास औषध नाही, आणि चाव्यानंतर तो लवकरच शरीरात शिरत असल्याने गोचीड काढणे पुरेसे ठरत नाही. म्हणून लसीकरणाला महत्त्व आहे. ऑस्ट्रियात १९८० च्या दशकातील व्यापक लसीकरणानंतर रुग्णसंख्या लक्षणीयरीत्या घटली.

याच विषाणूकुळातील क्यासनूर अरण्यज्वर, म्हणजे ‘माकडताप’, १९५७ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळला आणि पुढे गोवा व सिंधुदुर्गापर्यंत पोहोचला. तो वेगळा आजार असला, तरी त्याच्याही दुसऱ्या टप्प्यात काहींच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो. नेहमीच्या तपासणीत सूक्ष्म हानी दिसत नसल्याने गोचीडजन्य मेंदूज्वरातून उठलेल्या मुलाची स्मृती व एकाग्रता काही महिन्यांनी मानसशास्त्रीय चाचण्यांनी तपासणे, हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे.