डिमरस्टॅटचं शून्य

१९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतला ५४ वा नियम सांगत होता की ग्राहकाच्या दारातलं व्होल्टेज ठरल्यापेक्षा सहा टक्क्यांहून जास्त वर-खाली होता कामा नये. म्हणजे २३० चे फार तर २१६. ओलिताच्या मोटारी एकदम सुरू झाल्यावर मेहकर-लोणारकडच्या शिवारात मीटर लावून पाहिलेल्यांना या नियमाबद्दल वेगळं सांगायला नको. १६० व्होल्टवर मोटारीचा जोर निम्म्याखाली येतो, ती अडते, तापते आणि रिवाइंडिंगला जाते. म्हणून आपल्याकडे स्टॅबिलायझर. आणि तो दुरुस्त करणाऱ्याला हवे तेव्हा १६० आणि हवे तेव्हा २६० व्होल्ट टेबलावर मिळायला हवेत, नाहीतर त्यातला रिले नेमका कुठे पडतो हे कळणार कसं?

ते देणारा डिमरस्टॅट हा माझा जुना नाद. हे नावही मुळात मुंबईच्या ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक कंपनीचं. यंत्राची कल्पना मात्र अमेरिकेतल्या जनरल रेडिओ कंपनीत व्हिएन्नाहून आलेल्या एडुआर्ड कार्पलस या अभियंत्याची. २००९०१३ क्रमांकाचं पेटंट १९३५ मध्ये मिळालं. २०१३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मानकरी मार्टिन कार्पलस हे त्याचे पुतणे. पुतण्याला जग ओळखतं, काकाला कुणी नाही, याची मला खंत वाटते.

कारण काकाने सोडवलेली अडचण फार अवघड होती. उघड्या वेढ्यांवरून ब्रश सरकवायचा. तो वेढे सोडत-धरत गेला तर पुरवठा तुटतो, ठिणगी पडते. दोन वेढ्यांना एकदम टेकला तर तो वेढा शॉर्ट होतो. उपाय कार्बनमध्ये होता. ब्रश दोन्ही वेढ्यांना टेकतोच, पण कार्बनचा रोध असा निवडायचा की वेढ्यातला फिरता प्रवाह आवरेल आणि लोडचा प्रवाह मात्र फार न तापता जाईल. सगळं यंत्र या एका तडजोडीवर उभं आहे. जुना डिमरस्टॅट घेताना म्हणूनच झाकण काढून ब्रश ज्या वाटेने सरकतो ती तपासा. तिथे काळे डाग असतील तर स्वस्तातही घेऊ नका.

अँपिअरचा आकडा लोक नेहमी चुकीचा वाचतात. ४ अँपिअर म्हणजे कुठल्याही व्होल्टेजला ४ अँपिअरच. २३० ला ९२० व्हीए मिळतात, ११५ ला त्याच्या निम्मे. फ्यूज आउटपुटला हवाच. २३ व्होल्टवर ब्रशमधून ४० अँपिअर जात असतील तेव्हा इनपुटला जेमतेम ४ दिसतात. तिथला फ्यूज शांत राहतो आणि ब्रश जळतो. टीव्हीचा किंवा चार्जरचा एसएमपीएस यावर हळूहळू चढवू नये, कमी व्होल्टेजला तो उलट जास्त प्रवाह ओढतो. त्याला आपला बल्बचा सिरीज बोर्डच बरा.

पण खरा धोका शून्यात आहे. डिमरस्टॅटला एकच गुंडाळी असते, लाइन आणि आउटपुट यांच्यात फारकत नसते. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले की चकती शून्यावर असतानाही आउटपुटच्या दोन्ही टोकांना जमिनीच्या मानाने पूर्ण २३० व्होल्ट असतात. त्यांच्यात लावलेला मीटर शून्य दाखवतो आणि मिस्त्री निर्धास्त हात घालतो. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडून अर्थिंग कमजोर झालेलं असतं, ते वेगळंच. आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, त्याच्यापुढे डिमरस्टॅट, ही जोडणी मला सक्तीची वाटते. तीही एका हाताने एकच टोक धरलं तरच वाचवते. दोन्ही टोकं धरणाऱ्याला नाही.

आयटीआयमधून बाहेर पडून दुकान थाटणाऱ्या पोरांना माझं सांगणं एवढंच : पैसे एकाच वस्तूचे असतील तर आधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्या, डिमरस्टॅट पुढच्या हंगामात.